साडूंच्या श्वासाचा चार्ज

परभणी जिल्ह्यात रोज दुपारी मरून चहाच्या वेळेला परत येणारा एकच माणूस होऊन गेला, आणि तो माझा साडू होता. मी हे विनोदानं म्हणत नाही. येलदरी धरणाच्या पायथ्याशी वीजघराची कॉलनी आहे. त्या वर्षांत तिथे जे राहिले त्यांना विचारा. विद्यापीठाचं नामांतर व्हावं की नाही यावर एसटी स्टँडच्या बाकड्यांवर रोज नव्यानं भांडणं होत, ती ही वर्षं. साडू वीजघरात ऑपरेटर होते, मी कॉलनीच्या शाळेचा मुख्याध्यापक, आणि आमच्या दोघांच्या क्वार्टरमध्ये एकच भिंत. सकाळपाळी संपवून, जेवून साडू ओट्यावर सतरंजी टाकत आणि पाठ टेकताच घोरायला लागत. शाळेत चौथीच्या वर्गाला पाढे थांबवावे लागत, इतकं ते घोरणं मोठं होतं. पण त्या घोरण्याची कुणाला भीती नव्हती. भीती होती ते थांबण्याची. ते हळूहळू विरत नसे; नळ बंद करावा तसं थांबे. छाती स्थिर, तोंड उघडं, आणि चेहऱ्यावर असा भाव की कुणीतरी काही सांगतंय आणि साडू कान देऊन ऐकताहेत. लिंबाखाली पडलेलं कुत्रं उठून बसे. ते साडूंकडे बघत नसे. त्यांच्या उशाशेजारी सतरंजीवर जी हातभर जागा रिकामी असे, तिकडे बघत राही. पाढे थांबलेलेच असत. सगळी कॉलनी नकळत आपलाही श्वास धरून बसे. मग बुडालेली घागर एकदम पाण्याबाहेर यावी तसा आवाज होई, साडू परत येत, आणि पुन्हा घोरणं सुरू. चार वाजता उठून ते विचारत, "च्या झाला का?"

जागेपणीही ते चारचौघांसारखे नव्हते. सगळं जग त्यांना वीजघरच वाटे. खिशात कायम एक लांब पेचकस. त्याचं टोक यंत्राला आणि मूठ कानाला लावून ते बेअरिंगचा आवाज ऐकत; तो कामाचाच भाग होता. पण ते आमच्या सासुरवाडीच्या जात्यालाही पेचकस लावून "खुंटा झिजलाय" सांगत, आणि एकदा त्यांनी माझ्या भिंतीवरच्या घड्याळाला पेचकस लावला, बराच वेळ ऐकलं, आणि माझ्या बायकोला म्हणाले, "आक्का, ह्याचं वय झालंय. त्याला सांगू नका." झोपेला ते झोप म्हणत नसत, शटडाऊन म्हणत. कुणाच्याही घरून निघताना ते चार्ज देत. वीजघरात पाळी बदलताना जुना ऑपरेटर नव्याला सगळ्याचा हवाला देतो, नवा सही करतो, मगच जुन्याला जागा सोडता येते. साडूंनी ही रीत संसारालाही लावली. माझ्या घरून उठताना म्हणायचे, "गुरुजी, चार्ज घ्या. चूल चालू हाय, दूध तापायलंय, मांजर खिडकीत हाय." मी "घेतला" म्हटल्याशिवाय ते पायऱ्या उतरत नसत. आणि लॉगशीट म्हणजे, दर तासाला यंत्राचे आकडे ज्यावर लिहितात तो तक्ता, हा त्यांचा धर्मग्रंथ. "लॉगशीटमधी खोटं लिवू नये गुरुजी," ते म्हणत. "यंत्राला वाचता येतं."

हे वाक्य मला आज एकतीस वर्षं झोपू देत नाही. पण क्रमानं सांगतो.

साडूंची ख्याती झाली ती जिंतूर-येलदरी एसटीत. भर दुपार, गाडी खच्चून भरलेली, साडू उभ्या दांड्याला टेकून झोपले आणि थांबले. कंडक्टरनं तिकिटासाठी खांदा हलवला, मान लटकन पडली. बायाबापड्यांनी गलका केला, ड्रायव्हरनं गाडी बाजूला घेतली. तेवढ्यात घागर वर आली. साडूंनी डोळे उघडले, समोर पायाशी शेळी घेऊन एक धनगराची बाई बसली होती, तिला ते शांतपणे म्हणाले, "बाई, तुझा बाप म्हनला, शेळी गाभण हाय, इकू नको." बाईचा बाप पंधरा दिवसांपूर्वीच गेला होता. ती तिथेच हंबरडा फोडून रडली, शेळी घेऊन परत फिरली, आणि दोन-अडीच महिन्यांनी शेळीला दोन करडं झाली. झालं! साडू थांबतात तेव्हा पलीकडे जातात आणि माणसं त्यांना भेटतात, हे जिल्हाभर पसरलं. पाथरीपासून, राणीसावरगावापासून लोक जीप करून येऊ लागले. दुपारी ओट्याच्या कडेला चपला काढून बसत, साडू थांबले की हात जोडत, उठले की विचारत, "आमचे मालक भेटले का हो?" एका जमीनदाराच्या विधवेला कपाटाची किल्ली सापडत नव्हती. साडू उठले, डोळे चोळले आणि म्हणाले, "देवळीत बघा म्हनले." किल्ली देवळीत होती. एका म्हाताऱ्याला त्याच्या बायकोचा निरोप आला की "रातच्याला पानी पिऊन झोपत जा." म्हातारा जाताना साडूंच्या पाया पडला. पैसे मात्र त्यांनी कधी घेतले नाहीत. "ऑपरेटरला बक्षिसी घ्यायला बंदी हाय" म्हणत.

मी या सगळ्याची भर ओट्यावर टवाळी करत असे. मी विज्ञान शिकवणारा माणूस. लोकांदेखत विचारायचो, "काय साडू, तिकडे रेशनचं दुकान आहे का? रॉकेल मिळतं का?" साडू हसायचे, "विचारून सांगतो गुरुजी." मेव्हणी आतून ओरडायची, "दाजी, लोकं लांबून आलेत, गप बसा की जरा!" मी गप्प बसत नसे. आणि आता खरं सांगायचं तर, त्या सगळ्या ओट्यावर, त्या सगळ्या चपलांच्या रांगेत, साडूंच्या तोंडातून निरोप ऐकायला माझ्याइतका आसुसलेला माणूस दुसरा नव्हता.

त्याचं कारण असं. त्याआधी दोन वर्षं माझी बायको गेली होती. त्या सकाळी मी शाळेला निघालो, तर ती उंबऱ्यात आली आणि म्हणाली, "जरा थांबा, एक सांगायचंय." प्रार्थनेची घंटा होत होती. "संध्याकाळी सांग" म्हणून मी निघालो. तिसऱ्या तासाला शिपाई बोलवायला आला तेव्हा सगळं संपलं होतं. दहाव्याला पूर्णेच्या काठी पिंड ठेवला. वर वीजघराच्या कठड्यावर कावळे बसले होते, दहा-बारा तरी असतील. एकही खाली येईना. गेलेल्या माणसाच्या मनात काही राहिलं असेल तर कावळा शिवत नाही, आणि ते काय हे ओळखून कुणीतरी कबुली द्यावी लागते. पोरानं कबुली दिली, धाकटीचं लग्न थाटात करू. मेव्हणी म्हणाली, आक्का, पोरांचं मी बघीन. सासूबाईंनी बोरमाळेचं सांगितलं. ऊन डोक्यावर आलं. कावळे तिथेच, माना वाकड्या करून माझ्याकडे बघत. मी बोलायला हवं होतं, पण मी काय कबूल करणार? ती काय सांगणार होती हेच मला ठाऊक नव्हतं. शेवटी भटजींनी दर्भाचा कावळा केला, तो पिंडाला लावला आणि सगळे घरी आलो. शाळेत मी पोरांना सांगत असे की कावळा हा फक्त पक्षी आहे. तेव्हापासून ते सांगताना खिडकीकडे बघायचं टाळू लागलो.

म्हणजे माझा एक प्रश्न होता, आणि भिंतीपलीकडे तो विचारता येईल असा माणूस रोज दुपारी थांबत होता. पण ज्या तोंडानं मी रॉकेल विचारलं त्या तोंडानं बायकोचं कसं विचारणार?

मग अमेरिका आली. साडूंची एकुलती मुलगी लग्न होऊन तिकडे गेली होती. तिनं आईवडिलांना बोलावून घेतलं. विमानात, समुद्रावर कुठेतरी, साडूंनी शटडाऊन केलं. येलदरीच्या लोकांना सवय होती, विमानातल्यांना नव्हती. शेजारच्या बाईनं किंकाळी फोडली, कुणी डॉक्टर आहे का अशी हाकाटी झाली, आणि एका कर्मचाऱ्यानं तर हळूच पांघरूण ओढून साडूंच्या तोंडावरून घेतलं. त्या पांघरुणाखालून घागर वर आली आणि आवाज आला, "च्या झाला का?" मेव्हणी सांगायची, पांघरूण टाकणारा तो माणूस नंतर उतरेपर्यंत त्यांच्या बाजूला फिरकलाच नाही. उतरल्यावर मुलीनं त्यांना दवाखान्यात नेलं. तिथे अंगाला तारा लावून त्यांची झोप तपासली. डॉक्टरनं सांगितलं, झोपेत यांचा घसा मिटतो, हवा बंद होते, हृदयावर ताण येतो. हे असंच चाललं तर एक दिवस परत येणार नाहीत. आणि एक यंत्र दिलं. शिलाई मशीनच्या डब्याएवढं, त्याला एक लवचीक नळी, नळीच्या टोकाला नाकावर बसवायचा मुखवटा. यंत्र सतत हवा फुंकत राही, आणि त्या हवेनं घसा उघडा राही.

हे यंत्र आलं त्या दिवशी कॉलनीत जत्रा. अमेरिकेची वीज एकशे दहाची, आपली दोनशे तीसची. साडूंनी कार्यशाळेत बसून स्वतः ट्रान्सफॉर्मर गुंडाळला. संध्याकाळी बाकी जिल्ह्याची वीज जाई, कॉलनीची जात नसे. म्हणून मी म्हणायचो, सरकारनं एवढं धरण बांधलं ते साडूंच्या नाकासाठी. खंडेनवमीला वीजघरातल्या यंत्रांची पूजा झाली की मेव्हणी या डब्यालाही झेंडूची माळ घाली. नळीच्या सोंडेमुळे पोरं साडूंना गणपती म्हणत. आणि घोरणं बंद झालं. थांबणंही बंद झालं. दुपारी ओट्यावरून नुसता एक बारीक वारा वाहिल्यासारखा आवाज येई, आणि त्या वाऱ्याखाली साडू लहान मुलासारखे झोपत. पाथरीहून आलेले लोक चपला घालून परत जात. एक म्हातारी त्या डब्याला म्हणाली, "मेल्या, दार लावून घेतलंस की रे." सगळे हसले. मला हसू आलं नाही. मलाही तसंच वाटलं होतं.

दोन-तीन वर्षांनी मुलीला दिवस गेले आणि पुन्हा बोलावणं आलं. आता पेच असा, की यंत्राला वीज लागते आणि त्या काळी विमानात खुर्चीजवळ वीज मिळत नसे. तिथवर जायला वीस-बावीस तास. साडूंनी ट्रकची बॅटरी सोबत नेण्याचा बेत केला. मुलीनं फोनवर समजावलं, की असली बॅटरी विमानात घेऊ देत नाहीत. मग जागं राहायचं. पण वीस तास कोण जागं राहतं? तेव्हा सोबत कुणीतरी बसावं, साडू थांबले की मोजावं आणि हलवून उठवावं, असं ठरलं. मेव्हणी म्हणाली, "मी मोजायला बसले की मला रडू येतं, आकडे चुकतात. दाजी, तुमी जावा. तुमचे आकडे कधी चुकत न्हाईत." मे महिन्याची सुटी होती. मुलीनं दोन तिकिटं पाठवली. निघायच्या आदल्या दिवशी साडूंनी हातानं रेघा मारून एक लॉगशीट तयार केली: वेळ, बंद, किती आकडे, शेरा. खाली दोन सह्यांच्या जागा. "धा मोजायचे, गुरुजी. धाला ट्रिप, म्हंजे हलवून उठवायचं. अकरा न्हाई. चुकलंच तर खोडरबर वापरायचं न्हाई. एक रेघ मारायची, बरोबर आकडा लिवायचा, बाजूला सही."

मुंबईपासूनचा पहिला टप्पा आम्ही गप्पांत काढला. साडू झोपलेच नाहीत. पेचकस सामानात गेला होता, म्हणून ते खिडकीच्या काचेला कान लावून विमानाची इंजिनं ऐकत होते. "उजवीकडचं खोकायलंय," म्हणाले. युरोपात विमान बदललं. दुसरं विमान दुपारी सुटलं आणि पश्चिमेकडे निघालं. सूर्य खिडकीत आला आणि तिथेच राहिला. एक तास झाला, दोन झाले, चार झाले. घड्याळ पुढे सरके, पण ऊन त्याच जागी, साडूंच्या गुडघ्यावर. आयुष्यभर दुपार संपताना पाहिलेली. ती दुपार संपेना. मी खिडकीशी, साडू मध्ये, आणि त्यांच्या पलीकडची सीट रिकामी. यंत्राचा डबा त्यांच्या पायाशी, मुका. शेवटी साडू म्हणाले, "आता न्हाई निभत. गुरुजी, चार्ज घ्या. सगळं चालू हाय, काही तक्रार न्हाई."

"घेतला," मी म्हणालो.

ते झोपले. घोरले. थांबले. मी दहा मोजले, कोपरानं ढोसलं, ते परत आले. मी लॉगशीटवर लिहिलं, १०. असं सहा-सात वेळा झालं. शिस्तीत चाललं होतं. मग पुन्हा थांबले, आणि या वेळी त्यांची मान माझ्याकडून पलीकडे वळली, रिकाम्या सीटकडे. चेहऱ्यावर तोच भाव आला, ओट्यावरचा. कुणीतरी सांगतंय आणि हे ऐकताहेत. ओठ जरासे हलले, जणू "हां, हां" म्हणाले. मी आठ मोजले, नऊ मोजले. त्या रिकाम्या सीटवर ऊन पडलं होतं. उन्हात काही नव्हतं, आणि तरी मला ओट्यावरच्या कुत्र्यासारखं तिकडेच बघत राहावंसं वाटलं. ती उंबऱ्यात येऊन उभी राहायची तेव्हा दारात जसं थोडं वजन यायचं, तसं वजन तिथे होतं. दहा झाले. कोपर उचललं, आणि खाली ठेवलं. मला वाटलं, तिचं वाक्य पुरं होऊ दे. एकदा तिला थांबवून गेलो होतो, आता नको. वीस. साडू ऐकत होते. चाळीस. त्यांचे ओठ जांभळे पडायला लागले होते. मला ते दिसत होतं. हे लिहायलाच हवं: मला दिसत होतं. मी मोजत राहिलो, कारण मोजणं थांबवलं असतं तर उठवावं लागलं असतं. साठ. ऐंशी. एक्क्याण्णवला त्यांचा माझ्या मांडीजवळचा हात गार लागला, आणि मी भानावर आलो.

कोपरानं ढोसलं, ते परत आले नाहीत. पुन्हा ढोसलं. मग मी "साडू! अहो साडू!" असा ओरडलो की सगळं विमान उठून उभं राहिलं. हवाई सुंदरी धावत आली, प्राणवायूची छोटी नळकांडी आली, दोघा-तिघांनी त्यांना मधल्या वाटेत आडवं केलं. कितीतरी वेळानं घागर वर आली. या वेळी ती फुटकी वाटली. साडूंनी डोळे उघडले, आधी त्या सीटकडे पाहिलं, मग माझ्याकडे. चहा विचारला नाही.

मग मी लॉगशीट पुढे ओढली आणि त्या ओळीत लिहिलं, १०. खाली सही केली.

अमेरिकेत डॉक्टरांनी तो तक्ता मुलीकडून वाचून घेतला. "दहाच ना? मग चिंता नाही," असं म्हणाले. येताना साडूंनी डोळा म्हणून मिटला नाही. आणि आम्ही येलदरीला पोचायच्या आधीच बातमी पोचली होती, की गुरुजींनी आभाळात साडूला मरणाच्या दाढेतून ओढून काढलं. शाळेच्या पटांगणात माझा सत्कार झाला. सरपंच बोलले, मेव्हणी रडली. शाल आणि नारळ द्यायला साडूंनाच उभं केलं. शाल पांघरताना ते हळूच म्हणाले, "वजन हाय का शालीला?" लोक टाळ्या वाजवत होते. मी ती शाल आजवर पांघरलेली नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ते मला धरणाच्या भिंतीवर घेऊन गेले. पाणी पलीकडे काळपट, अलीकडे वीजघराची घरघर. त्यांनी खिशातून लॉगशीट काढली, त्या ओळीवर बोट ठेवलं.

"गुरुजी, ह्ये धा न्हाईत."

मी कठड्याला हात टेकला.

"धाला माझं डोकं असं दुखत न्हाई. धाला इमानातली बाई बाटली घेऊन पळत येत न्हाई. किती?"

"एक्क्याण्णव."

त्यांनी पाण्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "आक्कासाठी?"

मी मान हलवली. मला रडू आलं, आणि पन्नाशी उलटलेला मुख्याध्यापक धरणाच्या भिंतीवर हुंदके देत उभा राहिला. साडूंनी माझ्या पाठीवर हात ठेवला. ठेवला आणि सांगितलं ते असं: "तिथं कुनी भेटत न्हाई गुरुजी. काही दिसत बी न्हाई. अंधार बी न्हाई. युनिट बंद केल्यावर यंत्रात काय असतं? तसं. ती धनगराची बाई, तिच्या शेजारी तिचा भाऊ बसलेला, त्याचं डोकं ताजं भादरलेलं होतं, म्हंजे बाप गेलेला. शेळी गाभण हाय ह्ये मला चढतानाच दिसलं होतं. म्हातारी मानसं किल्ली देवळीतच ठेवतात. लोकं लय लांबून येत होते. मोकळ्या हातानं कसं पाठवायचं? म्हनून काहीतरी बनवून सांगायचो."

मला राग आला. कशाचा ते कळेना. मी म्हणालो, "मग मला का नाही कधी बनवून सांगितलंत? मी तर भिंतीला भिंत लावून राहत होतो!"

"तुमी विचारलंच कुठं?" साडू म्हणाले. "मी वाट बघत होतो. तुमी रॉकेलचं विचारायचे."

"मग आता सांगा."

"आता कसं सांगू? आता तुमाला ठावं झालं ना, मी बनवतो म्हनून." आणि ते हसले, इतक्या मायेनं हसले की मला अजून ते हसू सोसत नाही. मग खिशातून पेन काढून लॉगशीटवर दुसऱ्या सहीच्या जागी त्यांनी सही केली. खोट्या आकड्याखाली. ज्या माणसानं तीस वर्षांत एक खोटी नोंद होऊ दिली नव्हती, त्यानं. "राहू द्या," म्हणाले. "लोकांनी शाल दिलीय तुमाला."

पुढच्याच जानेवारीत साडू गेले. दुपारची वेळ, यंत्र चालू. मेव्हणी सांगते, "वाऱ्याचा आवाज येतच होता दाजी. मी म्हनलं झोपलेत. च्या दोनदा निवला." आयुष्यभर ज्यांच्या थांबण्यानं कॉलनी दचकायची, ते थांबले तेव्हा कुणाला कळलंच नाही, त्यांच्या वतीनं तो डबा श्वास फुंकत बसला होता. फक्त लिंबाखालचं म्हातारं कुत्रं, म्हणतात, चार वाजेपर्यंत उभं होतं. हृदय थकलं होतं, असं डॉक्टर म्हणाले. विमानातल्या त्या प्रसंगाचा काही संबंध नाही, हेही म्हणाले. पण डॉक्टरांना कुठे आकडा माहीत होता?

त्याच दिवसांत नामांतर झालं होतं, एसट्या बंद होत्या, त्यामुळे दहाव्याला पूर्णेच्या काठी माणसं थोडीच होती. पिंड ठेवला. वर कठड्यावर कावळे. मुलगी म्हणाली, बाबा, आईला मी घेऊन जाईन. कावळे हलेनात. पाळीवरचे ऑपरेटर म्हणाले, साहेब, तुमच्या युनिटवर कुणी डोळा मिटणार न्हाई. हलेनात. ऊन डोक्यावर आलं. मला बायकोच्या दहाव्याची ती दुपार आठवली, त्यानंतरची ती विमानातली, न संपणारी. आणि वाटलं, ही तीच आहे, मधे ती संपलीच नव्हती. कुणीतरी म्हणालं, "गुरुजी, तुमी बोला. तुमी त्यांचा जीव वाचवलाय, तुमचा शब्द ते मोडणार न्हाईत."

मी गेलो. गुडघे टेकले. कावळा हा फक्त पक्षी आहे, असं मनात एकदा म्हटलं. मग पिंडाजवळ तोंड नेऊन, कुणाला ऐकू जाणार नाही इतक्या हळू, म्हणालो, "एक्क्याण्णव."

पाठीमागे पंख वाजले. मी सरकायच्या आत कावळा माझ्या हाताजवळून पिंडाला शिवून गेला.

"काय कबूल केलंत, दाजी?" मेव्हणीनं डोळे पुसत विचारलं. मी म्हणालो, "तुझ्याकडे लक्ष ठेवीन म्हटलं." ती आणखी एक खोटी नोंद. तीही इथे दुरुस्त करतो.

आता माझं वय अठ्ठ्याऐंशी. गेल्या महिन्यात डॉक्टरांनी मलाही तसलंच यंत्र दिलं. आता ते शाळेच्या कंपासपेटीपेक्षा थोडंच मोठं असतं, आणि बॅटरीवर चालतं. नातू म्हणतो, "आजोबा, विमानात पण चालतं, चला की आमच्याकडे." मी ते हातात घेतलं. एवढंसं यंत्र तेव्हा असतं, तर कुणाला मोजावं लागलं नसतं. साडूंची लॉगशीट मेव्हणीनं त्यांच्या मागं माझ्याकडे दिली होती. आज ती काढली. त्या ओळीतल्या दहावर एक रेघ मारली, शेजारी ९१ लिहिलं, बाजूला सही केली. खोडरबर वापरलं नाही.

दुपारी मुखवटा नाकावर ओढतो आणि तो बारीक वारा सुरू होतो. उशाशेजारची हातभर जागा मी मोकळी ठेवतो. तिथे कुणी नसतं, हे मला एका माणसानं मायेनं आणि खरं खरं सांगितलेलं आहे. तरी डोळा लागता लागता मी विचारतो, मोठ्यानं, सून स्वयंपाकघरात असली तरी, लाज न बाळगता विचारतो: काय सांगायचं होतं? उत्तर येत नाही. पण आता निदान विचारायचं तरी राहत नाही.

चार्ज मात्र अजून माझ्याकडेच आहे. घ्यायला कुणी आलं की सगळं सांगेन.